कुंपणच जेव्हा शेत खाते : रक्ताच्या गुठळ्या आणि वाट चुकलेली प्रतिपिंडे

लग्नाला पाच वर्षे झालेल्या सुनेला तीन वेळा दिवस जातात आणि तिन्ही वेळा गर्भ टिकत नाही. दुसऱ्या एका घरात अडतीस वर्षांचा, बिडी-दारूला न शिवणारा माणूस सकाळी उठतो तो तोंड वाकडे आणि उजवा हात लुळा पडलेला. तिसऱ्या घरातल्या बाईची एकच पोटरी अचानक सुजते, ठणकते आणि चार दिवसांनी तिला धाप लागते. पहिल्या घरात सुनेच्या पायगुणाची चर्चा सुरू होते. दुसऱ्या घरात कुणीतरी करणी केली असे शेजारीपाजारी सांगतात. तिसऱ्या घरात उभ्याने काम करून पाय सुजला असेल म्हणून तेल चोळले जाते.

ही तीन घरे उदाहरणादाखल घेतली आहेत, पण अशी घरे प्रत्येक वस्तीत सापडतील. वरवर पाहता तिन्ही दुखणी वेगळी. एक स्त्रीरोगाचे, एक मेंदूचे, एक पायाचे. तरीही या तिघांच्या रक्तात एकच दोष असू शकतो. रोगजंतूंशी लढण्यासाठी शरीर जी प्रतिपिंडे तयार करते, त्यांतलीच काही वाट चुकतात आणि रक्ताच्या नको तिथे गुठळ्या करतात. या आजाराला वैद्यकशास्त्रात 'अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम' म्हणतात. नाव लांबलचक आहे, म्हणून डॉक्टर त्याला 'एपीएस' म्हणतात. आजार फार सर्रास नाही. पाश्चात्त्य देशांतील पाहणीनुसार लाखात सुमारे ४० ते ५० जणांना तो असतो. पण तो ओळखला गेला तर त्यावर उपचार आहेत, आणि ओळखला गेला नाही तर घर उद्ध्वस्त होते. म्हणून तो समजून घ्यायला हवा.

रक्त गोठते कसे?

विळीवर बोट कापले की रक्त वाहू लागते. आपण बोट दाबून धरतो आणि काही मिनिटांत रक्त थांबते. एवढ्या वेळात बरेच काही घडते. रक्तातल्या प्लेटलेट्स जखमेवर धावून येतात आणि एकमेकींना चिकटतात. त्याच वेळी रक्तातील प्रथिने एकामागून एक जागी होतात आणि शेवटी 'फायब्रिन' नावाच्या धाग्यांचे जाळे विणले जाते. या जाळ्यात रक्तपेशी अडकतात आणि गुठळी तयार होते.

जखमेवरची गुठळी आपला जीव वाचवते. पण हीच गुठळी जखम नसताना शिरेच्या आत झाली तर रक्ताची वाट अडते. पायाच्या खोल शिरेत झाली तर पाय सुजतो. तिथून सुटून फुप्फुसात गेली तर धाप लागते आणि माणूस दगावूही शकतो. मेंदूच्या रक्तवाहिनीत झाली तर लकवा मारतो. म्हणून निरोगी शरीर गोठवणाऱ्या आणि पातळ ठेवणाऱ्या अशा दोन्ही शक्तींचा तोल सांभाळत असते. एपीएसमध्ये हा तोल गोठण्याच्या बाजूला झुकतो.

रखवालदारच उलटतो

आपल्या शरीरात जंतू शिरला की पांढऱ्या पेशी त्याच्यावर नेमकी चिकटणारी प्रतिपिंडे तयार करतात. इंग्रजीत त्यांना अँटीबॉडीज म्हणतात. लसीमुळे होतात तीही प्रतिपिंडेच. पण काही माणसांत ही व्यवस्था आपले आणि परके यांतला फरक विसरते आणि स्वतःच्याच शरीराविरुद्ध प्रतिपिंडे बनवू लागते. कुंपणच शेत खाते, तसा हा प्रकार. अशा आजारांना 'स्वयंप्रतिकार' आजार म्हणतात. आमवाताचा एक प्रकार आणि ल्यूपस हे याच कुळातले.

एपीएसमधील प्रतिपिंडांचा रोख फॉस्फोलिपिड नावाच्या स्निग्ध पदार्थांवर असतो, असे सुरुवातीला वाटले. आपल्या प्रत्येक पेशीचे वेष्टन याच पदार्थांचे असते. १९९० साली मात्र संशोधकांच्या लक्षात आले की यातली बरीच प्रतिपिंडे थेट त्या स्निग्ध पदार्थाला न चिकटता त्याला बिलगलेल्या एका प्रथिनाला चिकटतात. त्या प्रथिनाचे नाव बीटा-२ ग्लायकोप्रोटीन-१.

पुढे काय होते ते थोडक्यात असे. रक्तवाहिनीचे आतले अस्तर एरवी गुळगुळीत असते आणि रक्त त्याला चिकटत नाही. प्रतिपिंडे बसली की हे अस्तर चिडते, चिकट होते आणि गोठण्याची क्रिया सुरू करणारे पदार्थ पुढे करते. प्लेटलेट्सही चेतवल्या जातात. रक्त पातळ ठेवणाऱ्या काही प्रथिनांच्या कामात अडथळा येतो. पांढऱ्या पेशींपैकी काही पेशी फुटून आपल्यातली जाळी बाहेर फेकतात, आणि कोळ्याच्या जाळ्यात माशी अडकावी तसे त्यात प्लेटलेट्स व रक्तपेशी अडकतात.

मग प्रतिपिंडे असलेल्या प्रत्येकाला गुठळी होते का? नाही. धडधाकट माणसांतही शंभरात १ ते ५ जणांच्या रक्तात ही प्रतिपिंडे थोड्या प्रमाणात सापडतात आणि बहुतेकांना आयुष्यभर काही होत नाही. वाळलेले गवत आपोआप पेटत नाही, त्याला ठिणगी लागते. एखादे ऑपरेशन, पाय प्लास्टरमध्ये घालून बरेच दिवस पडून राहणे, मोठा संसर्ग, बाळंतपण, धूम्रपान, काही प्रकारच्या गर्भनिरोधक गोळ्या या ठिणग्या आहेत. त्या टाळणे किंवा त्या वेळी आधीच काळजी घेणे पुष्कळ अंशी आपल्या हाती असते.

परीक्षानळीत पातळ, शरीरात घट्ट

या आजाराचा शोध लागायला फार वर्षे गेली, कारण त्याने डॉक्टरांना दोनदा चकवले.

१९०६ साली जर्मनीत वासरमान यांनी सिफिलिस म्हणजे गरमीच्या रोगासाठी रक्ततपासणी काढली. पुढे १९४१ मध्ये मेरी पँगबर्न या अमेरिकन संशोधिकेने त्या तपासणीतला खरा कामाचा पदार्थ बैलाच्या हृदयापासून वेगळा काढला. तो एक फॉस्फोलिपिड होता, त्याचे नाव कार्डिओलिपिन. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हजारो लोकांची ही तपासणी झाली तेव्हा एक गोष्ट दिसली. काही माणसांना गरमी कधीच झालेली नव्हती, तरी तपासणी 'पॉझिटिव्ह' येत होती. त्यातल्या कितीतरी जणांना पुढे ल्यूपस झाला. हा पहिला चकवा.

दुसरा चकवा त्याहून विलक्षण. १९५२ मध्ये ल्यूपसच्या काही रुग्णांचे रक्त परीक्षानळीत गोठायला नेहमीपेक्षा जास्त वेळ घेते असे आढळले. साहजिकच डॉक्टरांना वाटले की या रुग्णांना रक्तस्राव होईल. १९७२ मध्ये या गुणधर्माला 'ल्यूपस अँटिकोअॅग्युलंट' म्हणजे ल्यूपसमधील रक्त न गोठू देणारा घटक असे नाव मिळाले. पण या रुग्णांना रक्तस्राव क्वचित होई, उलट गुठळ्याच जास्त होत. असे का? परीक्षानळीत गोठण्याची क्रिया फॉस्फोलिपिडच्या आधाराने चालते. प्रतिपिंडे तो आधार अडवून धरतात, म्हणून तिथे वेळ लागतो. शरीरात मात्र जिवंत अस्तर, प्लेटलेट्स, पांढऱ्या पेशी सगळे हजर असतात आणि प्रतिपिंडे त्यांना चेतवतात. नाव चुकीचे पडले ते आजवर तसेच चालू आहे. म्हणून कुणाच्या अहवालावर 'ल्यूपस अँटिकोअॅग्युलंट पॉझिटिव्ह' असे लिहिलेले असेल तर त्याचा अर्थ ल्यूपस झाला असा होत नाही, आणि रक्त पातळ झाले असाही होत नाही.

हे सारे धागे एकत्र जोडले ते लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातील डॉ. ग्रॅहम ह्यूज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. १९८३ मध्ये त्यांनी दाखवून दिले की वारंवार गुठळ्या, वारंवार गर्भपात, मेंदूचे विकार आणि ही प्रतिपिंडे हे सगळे एकाच आजाराचे भाग आहेत. त्याच वर्षी प्रतिपिंडे मोजण्याची तपासणीही निघाली. म्हणून या आजाराला 'ह्यूज सिंड्रोम' असेही नाव आहे. तिकडचे रुग्ण साध्या भाषेत त्याला 'चिकट रक्त' म्हणतात.

नाहक संशय घेऊ नका

वरचा पहिला चकवा आपल्याकडे आजही संसार मोडू शकतो. गरोदर बाईचे नाव दवाखान्यात नोंदवले की इतर तपासण्यांबरोबर गरमीचीही तपासणी होते. तिला व्हीडीआरएल म्हणतात आणि तिच्यात तेच कार्डिओलिपिन वापरतात. बाईच्या रक्तात वाट चुकलेली प्रतिपिंडे असतील तर ही तपासणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. कागदावर तो शब्द पाहून नवरा बायकोवर किंवा बायको नवऱ्यावर संशय घेते, आणि दोघांचाही काही दोष नसतो.

अशा वेळी भांडण न करता डॉक्टरांना टीपीएचए सारखी पक्की तपासणी करायला सांगावे. ती गरमीच्या जंतूंविरुद्धची प्रतिपिंडे शोधते. ती पॉझिटिव्ह आली तर पेनिसिलिनने उपचार होतो आणि तो दोघांनीही घ्यायचा असतो. ती निगेटिव्ह आली आणि बाईचे आधी गर्भ पडलेले असतील, तर डॉक्टरांना एपीएसची आठवण जरूर करून द्यावी.

गर्भ का टिकत नाही?

पोटातल्या बाळाचा सगळा आधार म्हणजे वार. आईच्या रक्तातून अन्न आणि प्राणवायू वारेतून बाळाला मिळतो. एपीएसची प्रतिपिंडे वारेच्या पेशींना चिकटतात. त्यामुळे वार नीट रुजत नाही, तिथे दाह होतो आणि कधी कधी वारेच्या बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्याही होतात. बाळाची वाढ खुंटते, आईचा रक्तदाब वाढतो, दिवस भरण्याआधी बाळंतपण करावे लागते, किंवा गर्भ पोटातच दगावतो.

एकदा गर्भ पडला म्हणून लगेच घाबरून जायचे कारण नाही. एखादा गर्भपात कितीतरी बायकांना होतो आणि पुढचे बाळंतपण सुखरूप पार पडते. पण पुढीलपैकी काही घडले असेल तर एपीएसची तपासणी करण्याविषयी डॉक्टरांना अवश्य विचारावे :

- दहा आठवड्यांच्या आत लागोपाठ तीन गर्भपात झाले. (आता बरेच डॉक्टर दोन गर्भपातांनंतरही तपासणी करून घेतात.)
- दहा आठवड्यांनंतर, बाळात काही व्यंग नसताना, एकदा जरी गर्भ पोटात दगावला.
- रक्तदाब फार वाढल्यामुळे किंवा वार कमी पडल्यामुळे चौतीस आठवड्यांच्या आत बाळंतपण झाले.
- तरुण वयात, उघड कारण नसताना, पायाच्या शिरेत, फुप्फुसात किंवा मेंदूत गुठळी झाली. ही गोष्ट बाईइतकीच पुरुषालाही लागू आहे.
- ल्यूपसचे निदान झाले आहे. ल्यूपसच्या शंभर रुग्णांपैकी ३० ते ४० जणांत ही प्रतिपिंडे असतात.

कोरोनाच्या साथीत काय दिसले?

२०२० साली कोरोनाची साथ आली तेव्हा बऱ्याच रुग्णांच्या फुप्फुसात, मेंदूत, पायात गुठळ्या झाल्या. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी रुग्णालयात दाखल झालेल्या १७२ रुग्णांचे रक्त तपासले. त्यातल्या निम्म्या जणांत एपीएसमध्ये आढळणारी कोणती ना कोणती प्रतिपिंडे सापडली. या रुग्णांच्या रक्तातून वेगळी काढलेली प्रतिपिंडे उंदरांना टोचली तेव्हा उंदरांच्या शिरांत गुठळ्या अधिक होऊ लागल्या. हे संशोधन नोव्हेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झाले.

यावरून कोरोना झालेल्या प्रत्येकाला एपीएस झाला असे समजू नये. संसर्गात निर्माण होणारी ही प्रतिपिंडे बहुधा थोड्या काळाची पाहुणी असतात आणि आपोआप निघून जातात. म्हणूनच निदानाचा एक नियम आहे, तो पुढे दिला आहे.

तपासणी एकदा नव्हे, दोनदा

या आजारासाठी रक्ताच्या तीन तपासण्या असतात. ल्यूपस अँटिकोअॅग्युलंट, कार्डिओलिपिनविरुद्धची प्रतिपिंडे आणि बीटा-२ ग्लायकोप्रोटीन-१ विरुद्धची प्रतिपिंडे. यातली एखादी पॉझिटिव्ह आली तर किमान बारा आठवड्यांनी ती पुन्हा करतात. दुसऱ्यांदाही ती तशीच आली आणि गुठळीचा किंवा गर्भपाताचा इतिहास असला तरच एपीएस म्हणतात. तिन्ही तपासण्या पॉझिटिव्ह असतील तर धोका सर्वांत जास्त. रक्त पातळ करणारे औषध चालू असताना पहिली तपासणी चुकू शकते, म्हणून आपण कोणते औषध घेतो ते रक्त देण्याआधीच सांगावे.

या तपासण्या लहान दवाखान्यात होत नाहीत. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्यांची चौकशी करावी. मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात इम्युनोहिमॅटॉलॉजीची राष्ट्रीय संस्था आहे, तिथे रक्त गोठण्याच्या विकारांवरही काम चालते. जुने अहवाल, गर्भपाताच्या वेळचे कागद, सोनोग्राफी हे सगळे एका पिशवीत नीट जपून ठेवावे. 'मागचे कागद हरवले' या एका वाक्यामुळे कितीदा निदान लांबते.

उपचार आहेत

हा आजार समूळ बरा होत नाही, पण ताब्यात राहतो. ज्याला एकदा गुठळी झाली आहे त्याला रक्त पातळ ठेवणारी गोळी बहुधा कायम घ्यावी लागते. वॉरफरिन ही त्यातली जुनी आणि भरवशाची गोळी. आपल्याकडे अॅसिनोकुमारॉलही देतात. किती गोळी घ्यायची हे 'आयएनआर' या रक्ततपासणीवर ठरते. निरोगी माणसाचा हा आकडा १ च्या आसपास असतो, एपीएसच्या रुग्णाचा साधारणपणे २ ते ३ च्या दरम्यान ठेवतात. आकडा कमी झाला तर गुठळीची भीती, जास्त झाला तर रक्तस्रावाची. नव्या गोळ्या निघाल्या आहेत आणि त्यांना सारखी तपासणी लागत नाही, पण एपीएसमध्ये त्या सरसकट चालत नाहीत. तिन्ही तपासण्या पॉझिटिव्ह असलेल्या रुग्णांवर इटलीत रिव्हारॉक्सॅबान या नव्या गोळीचा प्रयोग झाला. तिच्यावर असलेल्या रुग्णांत गुठळ्या जास्त होऊ लागल्याने तो मध्येच थांबवावा लागला. त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणून शेजाऱ्याची गोळी चांगली म्हणून आपण बदलून घेऊ नये.

गरोदरपणाची गोष्ट वेगळी आहे. वॉरफरिन गर्भाला बाधते, विशेषतः सहाव्या ते बाराव्या आठवड्यात. या गोळीवर असलेल्या बाईने मूल हवे असल्यास आधीच डॉक्टरांना सांगावे, आणि पाळी चुकली तर त्याच आठवड्यात दवाखाना गाठावा. मग गोळीऐवजी हेपॅरिनचे इंजेक्शन देतात. ते पोटाच्या कातडीखाली घ्यायचे असते आणि ते वारेतून बाळाकडे जात नाही. बाईला किंवा घरच्यांना ते टोचायला शिकवता येते. सोबत अॅस्पिरिनची अगदी लहान मात्रा देतात. वारंवार गर्भपात होणाऱ्या ज्या बायकांत हे निदान झाले आहे, त्यांना हे उपचार वेळेवर मिळाले तर दहापैकी सात-आठ जणींच्या हाती जिवंत मूल येते. बाळंतपणानंतरही साधारण सहा आठवडे हे औषध चालू ठेवावे लागते, कारण त्या दिवसांत गुठळीचा धोका मोठा असतो. मूल झाले, आता कशाला सुया, असे म्हणून कुणी ते बंद करू नये.

घरात काय सांभाळावे?

रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज ठरल्या वेळी घ्यावी. चुकली म्हणून दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नये. पालक, मेथी, कोथिंबीर, कोबी यांत के जीवनसत्त्व असते आणि ते गोळीच्या उलट काम करते. या भाज्या सोडायच्या नाहीत, पण आठवडाभर एकही नाही आणि रविवारी टोपलीभर असेही करू नये. अंगदुखीसाठी दुकानातून आणलेल्या गोळ्या, जडीबुटीचे काढे आणि दारू यांनी रक्तस्राव होऊ शकतो. दात काढायचा असला तरी आधी आपल्या गोळीची माहिती द्यावी.

तंबाखू, बिडी, सिगारेट बंद. पाळणा लांबवायचा असेल तर इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या घेऊ नयेत. तांबी किंवा दुसरा मार्ग डॉक्टरांना विचारावा.

एकच पाय सुजला आणि ठणकू लागला तर तो चोळू नये, गुठळी सुटून वर जाऊ शकते. सरळ रुग्णालय गाठावे. तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळले, हात-पाय लुळा पडला तर साडेचार तासांच्या आत मोठ्या रुग्णालयात पोहोचणे महत्त्वाचे. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन त्या वेळेतच देता येते. अंगारा-धुपारा करण्यात तो वेळ गेला तर परत येत नाही.

आणि शेवटी घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी. हा आजार स्पर्शाने, उष्ट्याने किंवा एका ताटात जेवल्याने होत नाही. तो कुणाच्या पायगुणाने होत नाही, नवस न फेडल्याने होत नाही. आईला असला म्हणजे मुलीला होईलच असेही नाही, म्हणून तो कुणाच्या सोयरिकीच्या आड येऊ नये. ज्या सुनेचा गर्भ तीनदा पडला तिने तीनदा मूल गमावले आहे, हे आधी आठवावे. तिला माहेरी धाडण्याची किंवा मुलाचे दुसरे लग्न लावण्याची भाषा करण्यापूर्वी तिच्या सासूने, नवऱ्याने तिला सोबत घेऊन दवाखान्यात जावे आणि डॉक्टरांना एवढेच विचारावे, "डॉक्टर, हिच्या रक्तातली ती प्रतिपिंडे तपासली का?"